शेऱ्याच्या रकान्यात

विनोद केल्यावर सुकदेव बोरसे पाणी पितो. तहान असो नसो. एक घोट, फार तर दोन.

समोरचा हसला, तर तो मागे वळून बघतो. मागे काही घडलंय का, अशा चेहऱ्यानं.

कोणी "कसं काय?" विचारलं, तर खरं उत्तर देतो. "डावा गुडघा सोडून ठीक."

मोटरसायकल लावली की दोन पावलं मागं जाऊन ती सरळ उभी आहे का, ते पाहतो. सरळ नसली तरी हलवत नाही. नुसतं पाहून ठेवतो.

चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवरची सगळी नावं वाचतो, अगदी शेवटच्या शुभेच्छुकापर्यंत. मग म्हणतो, "एक राहिला." कोण, ते सांगत नाही.

वाक्य संपलं की थांबतो. इतका, की ऐकणाऱ्याला वाटतं अजून काहीतरी आहे. नसतं.

सिल्वासाजवळच्या राखोलीतल्या धाग्याच्या कारखान्यात या सवयी सगळ्यांना पाठ होत्या. त्या कुठून आल्या, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. तेवीस वर्षं एकाच हॉलमध्ये काम करणाऱ्या माणसाला लोक फक्त एवढंच विचारतात, की चार नंबर का बंद आहे.

चार नंबर म्हणजे चौथं मशीन. साध्या धाग्याला पीळ देऊन, तापवून फुलवायचं लांबलचक मशीन. त्यावर दोनशेहून जास्त धागे एकाच वेळी पळतात आणि मनात आलं की तुटतात. शिफ्ट संपताना रजिस्टरमध्ये लिहायचं : कोणतं मशीन किती वेळ बंद, धागा किती वेळा तुटला, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरा रिकामा ठेवायचा नाही, असा नियम. सगळे तिथं "ओके" लिहायचे.

रजिस्टर हातात आल्यापासूनच्या अकरा वर्षांत सुकदेवनं एकदाही "ओके" लिहिलं नव्हतं.

"चार नंबर पाऊण तास बंद. कारण : नाराजी. उपाय : साहेब येऊन बघून गेले. मशीन आपोआप सुरू."

"पंख्याबद्दलचा अर्ज आज तीन वर्षांचा झाला. प्रकृती चांगली आहे."

असे शेरे. जयवंत नावाचे शिफ्ट इन्चार्ज खाली सही ठोकायचे आणि घरी जायचे. ते वाचत नव्हते, आणि म्हणूनच सगळं सुरळीत चाललं होतं.

पावसाळा संपताना मोठ्या गिऱ्हाइकाची तपासणी आली. दोन दिवस कारखाना नवरीसारखा सजवला. तपासणीला आलेल्या बाईंनी मात्र सजावट पाहिलीच नाही. त्या सरळ रजिस्टर घेऊन बसल्या. एकाला शेजारी बसवून शेरे वाचून घेतले. मे महिन्याच्या एका पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"एसी बंद, दिवस अकरावा. धागा तुटतो. माणसं तुटत नाहीत, त्यामुळे तक्रार नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "अकरावा दिवस?"

दुसऱ्या दिवशी अद्वैत सरांनी सुकदेवला केबिनमध्ये बोलावलं. अद्वैत सर पुण्याचे. वय एकोणतीस. गुणवत्ता विभागाचे प्रमुख. कधी आवाज चढवत नसत, सगळ्यांना अहोजाहो करत. त्यांच्यावर चिडायची सोयच नव्हती, आणि सुकदेवला त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

"बसा ना, बोरसे. पाणी?"

"अजून काही बोललो नाही सर," सुकदेव म्हणाला.

अद्वैत सरांना ते कळलं नाही. त्यांनी एक फॉर्म पुढं सरकवला. कारखान्यात काहीही बिघडलं की हा फॉर्म भरायचा. त्यात एकाखाली एक पाच चौकोन. प्रत्येक चौकोनात "का?". पहिल्या "का"चं उत्तर लिहायचं, मग त्या उत्तराला "का" विचारायचं. पाचव्या "का"पाशी मूळ कारण सापडतं, असा सगळ्या कारखान्यांचा विश्वास.

"यंत्रासाठी असतो हा," सुकदेव म्हणाला.

"हो. पण गिऱ्हाइकाला शेऱ्याचं कारण हवंय. शनिवारी चारच्या आत पाठवायचंय." सरांनी खुर्ची पुढं ओढली. "तुम्हाला माहितीये, जयवंत महिनाअखेर चाललेत. त्यांच्या जागी मी तुमचंच नाव दिलंय. मला तेच हवंय. फक्त ही फाईल बंद व्हायला हवी."

शिफ्ट इन्चार्ज म्हणजे कायमची सकाळपाळी. तेवीस वर्षं त्याची झोप दर आठवड्याला जागा बदलत होती. एका आठवड्यात रात्री झोपायचं, दुसऱ्यात दुपारी, तिसऱ्यात मिळेल तेव्हा. मुलगी सोनी मोठी झाली ती त्यानं तुकड्यातुकड्यांनी पाहिली. डॉक्टरनं मागच्या वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, पाळी बदला. जणू ते सुकदेवच्या हातात होतं.

"काय लिहायचं सर?"

"सोपं आहे. गमतीनं लिहिलं होतं. वस्तुस्थिती तशी नव्हती. पाचव्या चौकोनात एवढं आलं की झालं."

सुकदेव थांबला. नेहमीसारखाच. सरांना वाटलं, अजून काहीतरी आहे.

या वेळी होतं.

"पण एसी बंद होता सर."

"मला माहितीये, बोरसे," अद्वैत सर हळूच म्हणाले. "बघा, जमतंय का."

*

सुकदेव शहादा तालुक्यातला. लहानपणापासून गावात नकला करायचा. लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की लोक म्हणायचे, "सुक्या, मास्तर कर." मास्तर तोतरे होते. सुक्या मास्तर करायचा आणि मांडव आडवा पडायचा. हसवणं म्हणजे हेच, असं त्याला वाटायचं.

सिल्वासाला आला तेव्हा तिथल्या डोकमर्डी भागात एका खोलीत सहा जण राहत. खोलीत एक टीव्ही होता, त्याचा आवाज फक्त मोठा व्हायचा. दुसरी पाळी अकराला सुटायची. भात टाकेपर्यंत साडेअकरा. त्या वेळी एका मराठी वाहिनीवर एकच कार्यक्रम लागायचा, "आता झोपा". सुधाकर टेंभे नावाचा माणूस तो करायचा. अंगात मापाला मोठा कोट, समोर टेबल, टेबलावर स्टीलचा पेला. ना नाच, ना गाणं. टेंभे दिवसभराच्या बातम्या तलाठ्यानं सातबारा वाचावा तशा वाचायचा.

"नगरपालिकेची बाग सुशोभीकरणासाठी चार वर्षं बंद आहे. बाग आता इतकी सुंदर झाली आहे, की ती लोकांना दाखवणं योग्य नाही."

मग पाणी प्यायचा.

पहिल्या दिवशी खोलीत कोणी हसलं नाही. "हा काय बातम्या देतो का रे? चॅनल बदल," पप्पू म्हणाला. पप्पू शिरपूरकडचा. एक पाय जरा ओढत चालायचा. सुकदेव भात ढवळत होता. अर्ध्या मिनिटानं तो एकटाच फसकन हसला आणि पळी खाली पडली.

"काय झालं?"

"बाग," तो म्हणाला. पुढं काही सांगता येईना.

तेव्हापासून, रात्रपाळीचा आठवडा सोडला तर, रोज साडेअकरा. टेंभे कोणाच्या दिसण्यावर बोलत नसे, बायकांवर बोलत नसे, गावंढळ म्हणून कोणाला हसत नसे. खरं असेल ते वाचायचा आणि थांबायचा. हसायचं की नाही, ते समोरच्यानं ठरवायचं. असंही हसवता येतं, हे सुकदेवला माहीतच नव्हतं. कोणीतरी दुसऱ्या हातानं लिहायला शिकवावं, तसं त्याला झालं.

एकदा कार्यक्रमात एक नकलाकार आला होता. त्यानं आपल्या सोसायटीच्या वॉचमनची नक्कल केली. बोलताना त्याचं अडखळणं, खोकणं, सलाम. स्टुडिओ गडगडून हसला. टेंभेनं पाण्याचा घोट घेतला आणि साध्या आवाजात विचारलं, "हे त्यांना करून दाखवलंत?"

नकलाकार हसत राहिला. मग हसायचा थांबला.

खोलीत सुकदेवनं पप्पूकडं पाहिलं. आदल्याच आठवड्यात पाण्याच्या नळावर त्यानं पप्पूचं चालणं करून दाखवलं होतं. सगळे हसले होते. पप्पूही हसला होता. हसण्यावाचून दुसरं काय करणार होता?

सुकदेवनं नक्कल सोडली ती कायमची. पुढच्या सुट्टीत गावी गेला. मांडवात लोक म्हणाले, "सुक्या, मास्तर कर." तो म्हणाला, "मास्तर वारले. आता त्यांना बोलायचा काही त्रास नाही." आणि थांबला. मांडवात कोणी हसलं नाही. एक म्हातारी रडली. लोक म्हणाले, कंपनीत जाऊन पोराचं डोकं कामातून गेलं.

सहा वर्षांनी कार्यक्रम बंद पडला. एका सोमवारी साडेअकराला त्या जागी दागिन्यांची जाहिरात लागली. शेवटचा भाग नाही, निरोप नाही. सुकदेवनं वाहिनीला पोस्टकार्ड टाकलं : "माणूस उठून गेला, तर निदान कुठं गेला ते सांगतात." उत्तर आलं नाही. तोवर बायको बायडाबाई गावाहून आली होती आणि डोकमर्डीलाच वेगळं बिऱ्हाड झालं होतं. सुकदेवचं सांगायचं मात्र कोंडून राहिलं. पुढं सीनियर ऑपरेटर झाला आणि रजिस्टर हातात आलं. त्यात एक रकाना होता, तो रिकामा ठेवायचा नाही असा नियम होता.

मग काय!

*

गुरुवारी कँटीनमध्ये अभिजीत त्याची वाट पाहत होता. अभिजीत नाशिकचा. मराठी घेऊन बी.ए. झालेला, आणि म्हणून गुणवत्ता विभागात आकडे टाइप करणारा. सुकदेवचा कारखान्यातला एकमेव मित्र. वयात वीस वर्षांचं अंतर. फॉर्म टाइप करायचं काम त्याच्याकडंच होतं. त्यासाठी त्यानं कपाटातून जुनी रजिस्टरं काढली होती, आणि दोन दिवस तीच वाचत बसला होता.

"भाऊ, हे सगळं तुम्ही लिहिलंय?"

"अक्षर माझंच दिसतंय."

"अकरा वर्षं? आणि कोणीच काही बोललं नाही?"

"जयवंत साहेब एकदा बोलले. म्हणाले, शाई बदला."

अभिजीत हसला नाही. तीन वर्षं तो या माणसाबरोबर डबा खात होता, आणि त्या कपाटात काय आहे ते त्याला माहीत नव्हतं.

"कुठून आलं हे?"

सुकदेवनं टेंभेबद्दल सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला सांगत होता. त्यामुळं नीट सांगता येईना. बागेचा विनोद सांगितला, तो फसला. मधेच भोंगा झाला. "जाऊ दे," तो वैतागून म्हणाला. "फॉर्म काढ."

पहिला चौकोन. अभिजीत प्रश्न घालत गेला. 'माणसं तुटत नाहीत असं का लिहिलं?'

सुकदेवनं पेननं लिहिलं, 'कारण त्या दिवशी धागा तुटला. माणसं तुटली नाहीत.'

दुसरा. 'माणसांचा उल्लेख का?'

'कारण हॉलमध्ये तीही होती.'

"भाऊ, हे पुन्हा शेऱ्यासारखंच होतंय."

"मग खोटं सांग काहीतरी, लिहितो."

तिसरा. 'इतर कोणी असा उल्लेख करत नाही. तुम्ही का केला?'

'कारण सवय.'

चौथा. 'ही सवय का लागली?'

इथं सुकदेवनं पेन ठेवून डब्याचं झाकण लावलं. मग लिहिलं, 'कारण सुधाकर टेंभे, रात्री साडेअकरा.'

पाचव्या चौकोनात अद्वैत सरांना हवं होतं ते वाक्य अभिजीतनं वेगळ्या कागदावर आधीच लिहून ठेवलं होतं. "हे फक्त उतरवायचं आहे," तो खाली बघून म्हणाला. सुकदेवनं कागदाची घडी केली आणि फॉर्मसकट खिशात टाकला.

घरी बायडाबाईनं तोच कागद खिशातून काढून ओट्यावर वाचला.

"मंग? उतरवून द्या ना. दोन ओळी तर आहेत."

"खोटं आहे ते."

"गंमतच करत होते ना तुम्ही?"

"गंमतच करत होतो. पण खरी."

"हे बघा," बायडाबाईनं लाटणं खाली ठेवलं. "तेवीस वर्षं झाली, तुम्ही काय बोलता ते मले समजत नाही. मी काही बोलले का? नाही. पण रात्रपाळी करून येता आन् दिवसा उठून बसता, डोळे लाल करेल. ते समजतं मले. त्या टीव्हीवाल्यानं दिलं का तुमले काही? कार्यक्रम बंद करताना सांगून तरी गेला का?"

सुकदेवनं कागद तिच्याकडून घेतला आणि पुन्हा खिशात टाकला. सोनी आतून ओरडली, "पप्पा, लिहून टाका ना यार! कोण वाचतंय?"

याच गोष्टीचा तर त्याला राग येत होता. अकरा वर्षं कोणी वाचलं नाही. ज्यांनी वाचलं ते हसले नाहीत. मांडवातले हसले नाहीत, खोलीतले हसले नाहीत, घरातल्या या दोघी हसल्या नाहीत. आणि आता सगळं गाव एका सुरात म्हणत होतं, की ती गंमत होती असं लिहून दे.

*

शनिवारी दुसरी पाळी होती, तरी सुकदेव दुपारी दीडलाच गेला. त्यानं ठरवलं होतं, सरांना समजावून सांगायचं. टेंभेच्या चार-दोन फिती कोणीतरी इंटरनेटवर टाकून ठेवल्या होत्या. त्यातली एक त्यानं मोबाइलवर लावली आणि मोबाइल अद्वैत सरांच्या टेबलावर उभा धरला.

पडद्यावर टेंभे वाचत होता, "एका सरकारी इमारतीतली सूचना. लिफ्ट बंद आहे. कृपया जिन्यानं जावं. ही सूचना सहाव्या मजल्यावर लावली आहे." पेला उचलला. फीत संपली.

अद्वैत सर मन लावून पाहत होते. "छान आहे," ते म्हणाले. मग कपाळाला आठी घालून विचारलं, "पण सहाव्या मजल्यावर का लावली?"

सुकदेवनं मोबाइल हळूच उलटा ठेवला.

"सर, तुम्ही एसी बंद होता हे मान्य करता?"

"तुमच्यासमोर करतो."

"कागदावर?"

"बोरसे, कागदावर मी मान्य केलं तर गिऱ्हाईक ऑर्डर काढून घेतं. ऑर्डर गेली तर एक मशीन बंद पडतं. त्या मशीनवरची माणसं कुठं जातील?" सरांचा आवाज खरंच खाली आला होता. "मी तुम्हाला खोटं बोलायला नाही सांगत. तुम्ही विनोद केला होता. हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग तेवढंच लिहा."

"सर, मी विनोद केला, कारण ते खरं होतं. खोटं असतं, तर त्यात हसण्यासारखं काय होतं?"

"कोणी हसलं होतं का?"

सुकदेव थांबला. या वेळी मुद्दाम नाही. "नाही," तो म्हणाला.

"चारला मेल जाईल," अद्वैत सर घड्याळाकडं बघत म्हणाले. "मला तुम्हीच हवे आहात त्या जागी. प्लीज."

सुकदेव अभिजीतच्या टेबलाशी येऊन बसला. फॉर्म उलगडला. चार चौकोन भरलेले. पाचव्यात छापलेला "का?" आणि खाली कोरी जागा. बाजूला ते तयार वाक्य. त्यानं पेनचं टोपण काढलं, घातलं, काढलं. अभिजीत स्क्रीनकडं बघत होता, आणि स्क्रीनवर काहीच नव्हतं.

"भाऊ, मी लिहू का?"

"अक्षर ओळखतील."

तीनचा भोंगा झाला. सुकदेव उठला नाही. त्याची पाळी सुरू झाली होती, आणि तेवीस वर्षांत तो पहिल्यांदाच हॉलमध्ये वेळेवर नव्हता. तीन वीसला त्यानं लिहायला सुरुवात केली. अक्षरं मोठी, ठसठशीत. तीन-चार शब्द झाले असतील, तोच हॉलचं दार उघडून एक ऑपरेटर ओरडला, "सुकदेवभाऊ, चार नंबर गेलं! सगळे धागे!"

सुकदेवनं पेन फॉर्मवर ठेवलं आणि धावला. तुटलेले धागे एकेक करून ओवायचे असतात. दोनशेच्या वर. घाई करून चालत नाही. एक चुकला तर शेजारचे चार तोडतो. पावणेचारला अद्वैत सर स्वतः हॉलच्या काचेपाशी आले. सुकदेवनं त्यांना पाहिलं. मान हलवली. हात थांबवले नाहीत.

चारला मेल गेली. पाचवा चौकोन अद्वैत सरांनीच भरला, इंग्रजीत, आणि खाली स्वतःची सही केली. महिनाअखेर कंपनीच्या दादरा गावातल्या युनिटमधून नवे शिफ्ट इन्चार्ज आले. सज्जन माणूस आहे. रजिस्टर वाचतो, आणि शेऱ्यासाठी त्यानं "ओके"चा रबरी शिक्का करून घेतला आहे. सुकदेवची या आठवड्यात तिसरी पाळी आहे.

हातानं भरलेला फॉर्म अभिजीतच्या खणात पडून आहे. त्यानं दोनदा आठवण करून दिली. सुकदेव दोन्ही वेळा म्हणाला, "उद्या पुरं करतो." पाचव्या चौकोनात इतकंच आहे : 'कारण एसी खरोखरच'.